समाविष्ट गावे : शहराची हद्द आधी वाढते, पाणी, रस्ते आणि मैलावाहिन्या मागून का येतात?

मुठाकाठ (मूळ प्रश्न)

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ३० जून २०२१ रोजी २३ गावे समाविष्ट झाली आणि शहराचे क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले, अशा बातम्या त्या वेळी मोठ्या अभिमानाने छापून आल्या होत्या. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती आणि त्याच्याही आधी १९९७ मध्ये ३८ गावे घेतली गेली होती. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख होती, ती २०११ मध्ये ३१ लाखांवर गेली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडची तर त्याच दहा वर्षांत दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेली. शहर वाढणार आहे, कोणत्या बाजूला वाढणार आहे आणि साधारण किती वेगाने वाढणार आहे, यांतली कोणतीच गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती.

मी या नव्याने आलेल्या गावांपैकी एका गावातील गृहसंकुलात राहतो. सदनिका घेताना करारात एक कलम होते की, स्थानिक संस्थेकडून पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत विकसक पाण्याची सोय करील. आमच्या गृहनिर्माण संस्थेची नोंदणी होऊन कारभार रहिवाशांकडे आला, त्या महिन्यापासून विकसकाने त्या कलमाकडे पाठ फिरवली आणि टँकरचा खर्च देखभाल शुल्कात येऊन बसला. आज आमच्या संस्थेच्या जमाखर्चात सुरक्षारक्षक, उद्वाहन आणि वीज यांच्यापेक्षा मोठी रक्कम टँकरची असते. प्रवेशद्वारावर एक वही ठेवलेली आहे. तीत टँकरचा क्रमांक, आल्याची वेळ आणि चालकाची सही असते, आणि मार्च उजाडला की त्या वहीचे पान दोन दिवसांत भरते. पाणी कोणत्या विहिरीचे आहे, हा रकाना मात्र त्या वहीत नाही.

माझा प्रश्न तक्रारीचा नसून समजून घेण्याचा आहे. घरे आधी आणि नळ, गटारे, रस्ते नंतर, हा क्रम वेगाने वाढणाऱ्या शहराला अटळ असतो का? अटळ नसेल, तर तो उलटा करण्याची कोणती साधने कायद्याने आपल्याकडे आहेत आणि ती वापरली का जात नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त नगररचनाकार (प्रतिसाद)

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र हा क्रम का पडतो हे समजण्यासाठी एखाद्या गावातील जमिनीचा सातबारा ते सदनिका हा प्रवास पाहावा लागेल.

शहराच्या वेशीवरचे गाव जोवर महापालिकेत नसते, तोवर तेथे प्रादेशिक योजना लागू असते. प्रादेशिक योजना म्हणजे मोठ्या प्रदेशाचा ढोबळ नकाशा. तीत शेती विभाग, निवासी विभाग आणि मुख्य रस्ते दिसतात, परंतु गल्ल्या, शाळा, जलकुंभ, मैलावाहिनीची दिशा यांचा तपशील नसतो. जमीन निवासी विभागात असली, तिला जोडरस्ता असला आणि पाण्याबाबत हमीपत्र दिले की बांधकामाला परवानगी मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. त्याआधी हे काम जिल्हाधिकारी कार्यालयाकडे होते, आणि अनेक इमारती तर निव्वळ ग्रामपंचायतीच्या कागदावर उभ्या राहिल्या. प्रत्येक परवानगी आपापल्या गटापुरती, म्हणजे जमिनीच्या एकेका तुकड्यापुरती, पाहिली तर नियमात बसणारी असते. पण शेजारशेजारच्या चाळीस गटांना अशा चाळीस परवानग्या मिळाल्या, तर त्यांतून रस्त्यांचे जाळे तयार होत नाही. शेताच्या बांधावरून गेलेली बैलगाडीची वाट तेवढी डांबरी होते आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा मजले उभे राहतात. नऱ्हे, धायरी, आंबेगाव या भागांतील रस्ते ज्या विचित्र काटकोनांत वळतात, ते जुने बांध आहेत.

गाव महापालिकेत आल्यावर विकास आराखड्याचे काम सुरू होते, आणि खरा उशीर येथून पुढे होतो. जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या कालावधीचा आराखडा राज्य शासनाने मंजूर केला तो जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे नियोजनाचा अर्धा काळ उलटून गेल्यावर. १९९७ च्या गावांपैकी काही पुढे वगळण्यात आली आणि २३ उरली (२०२१ च्या २३ गावांशी त्यांची गल्लत करू नये). त्यांच्या आराखड्यातील टेकड्यांवरच्या सुमारे ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाचा निर्णय व्हायला २०१५ साल उजाडले. या मधल्या काळात बांधकामे थांबलेली नसतात. आराखडा जाहीर होतो तेव्हा रस्त्याच्या आखणीत इमारत उभी असते आणि मैदानाच्या आरक्षणावर पत्र्याची गोदामे असतात.

आता साधनांकडे येतो. आराखड्यातील आरक्षित जमीन ताब्यात घेण्याचा सरळ मार्ग भूसंपादनाचा आहे. २०१३ च्या कायद्यानंतर शहरी भागातही मोबदला बाजारभावाच्या दुपटीच्या घरात जातो, आणि कोणत्याही महापालिकेला शेकडो आरक्षणे या दराने घेणे परवडत नाही. रोख पैशांऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे रोजच्या भाषेतील टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), देता येतो. पण तो घ्यायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादन सुरू झाले नाही तर आरक्षण रद्द होते. जमीनमालकाच्या दृष्टीने हे कलम न्याय्यच आहे, कारण कोणाची जमीन अनंत काळ अडकवून ठेवणे योग्य नाही. मात्र ज्या महापालिकेकडे पैसे नाहीत, तिच्या नकाशावरील शाळा आणि उद्याने या कलमामुळे एकेक करून पुसली जातात.

दुसरे साधन नगररचना योजनेचे, म्हणजे टीपी स्कीमचे. माझे निम्मे सेवाजीवन या साधनाची वकिली करण्यात आणि ते बासनात गुंडाळलेले पाहण्यात गेले, त्यामुळे येथे थोडा पक्षपात होईल. या पद्धतीत एका सलग भागातील सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात. त्यांतून रस्ते, उद्याने, शाळा आणि जलकुंभ यांची जागा आधी काढली जाते, आणि उरलेली जमीन नीट आकाराचे अंतिम भूखंड करून त्याच मालकांना परत दिली जाते. मालकाला क्षेत्रफळाने साधारण निम्मी जमीन मिळते, पण ती रस्त्यालगतची आणि बांधकामयोग्य असते, म्हणून तिची किंमत मूळ सगळ्या जमिनीपेक्षा जास्त होऊ शकते. त्या वाढीव किमतीतला काही हिस्सा सुधारणा अंशदान म्हणून वसूल करून त्यातून रस्ते आणि वाहिन्या टाकता येतात. वाढ झाली ती शहरामुळे, तर तिचा एक वाटा शहराकडे यावा, असा हा हिशेब आहे.

हे परदेशी खूळ नव्हे. मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा १९१५ साली झाला. शिवाजीनगर, म्हणजे जुने भांबुर्डे, याच पद्धतीने आखले गेले. तेथील जुन्या इमारतींच्या पत्त्यात आजही ‘फायनल प्लॉट क्रमांक’ असतो. त्या भागात रस्ते सरळ का आहेत आणि दोन किलोमीटर पलीकडे ते गोंधळलेले का आहेत, याचे बरेचसे उत्तर त्या क्रमांकात आहे. मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावर गुजरातने ही पद्धत सोडली नाही आणि अहमदाबादचा सरदार पटेल वर्तुळाकार रस्ता अशा योजनांच्या मदतीने झाला. आपण मात्र ती कित्येक दशके जवळजवळ विसरलो. आता म्हाळुंगे-माण येथे प्राधिकरणाने ती पुन्हा हाती घेतली आहे. पण उशीर झाला की हे साधन बोथट होते, कारण जमीन मोकळी असेपर्यंतच ती एकत्र करता येते. ज्या गटावर दोनशे सदनिका उभ्या राहिल्या, त्याला कोणताही अधिकारी परत कागदावर आणू शकत नाही.

पूर्वेचा शेतकरी (प्रतिसाद)

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यात जमीनमालक केवळ नकाशावरील एक गट म्हणून येतो. त्याने जमीन घाईने आणि तुकड्या-तुकड्यांनी का विकली, हे सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

आमच्या भागात जमीन गुंठ्याने विकली गेली ती लोभापोटी, असे शहरातील मंडळी सहज बोलून जातात. लोभ नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु गाव शहरात जाणार अशी कुणकुण लागली की पहिला प्रश्न पडतो तो आरक्षणाचा. आपल्या तीन एकरांवर स्मशानभूमी पडेल, कचरा हस्तांतर केंद्र पडेल की साठ फुटी रस्ता, हे कोणालाच ठाऊक नसते. आरक्षण पडले की जमीन विकता येत नाही, कसण्याला अर्थ राहत नाही आणि मोबदला कधी मिळेल ते सांगता येत नाही. अशा वेळी आराखड्याआधी विकून मोकळे होणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. नियोजनाच्या भीतीने विनानियोजन वाढ झाली, असे म्हटले तरी चालेल. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले विनापरवाना भूखंड नियमित करण्याचा, कायदा २००१ मध्ये आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली, आणि प्रत्येक वेळी गावोगावच्या दलालांनी ‘आज ना उद्या नियमित होईलच’ हे वाक्य आणखी जोमाने विकले.

विश्वासाचाही प्रश्न आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे पुण्याचा कचरा कित्येक वर्षे येत होता, तेव्हा ही गावे शहराच्या हद्दीत नव्हती. कचऱ्याच्या ढिगांमुळे विहिरींचे पाणी नासल्याची तक्रार घेऊन तेथील लोक वारंवार रस्त्यावर उतरले. २०१७ मध्ये गावे हद्दीत घेतली गेली आणि पुढे त्यांच्यासाठी स्वतंत्र नगरपरिषद करून २०२४ मध्ये ती पुन्हा बाहेर काढली गेली. ज्या शहराने पाण्याआधी कचरा पाठवला, त्याच्या नकाशावर निम्मी जमीन सोडून द्या, असे सांगायला एखादा अधिकारी गावच्या चावडीवर येतो, तेव्हा त्याला ऐकून घेणारे थोडे असतात, यात नवल नाही.

याउलट हडपसरच्या मगरपट्ट्याचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, ती विकून न टाकता कंपनीत भागीदारी घेतली आणि स्वतःच शहर वसवले. सदनिका, कार्यालये आणि त्यांचे भाडे यांत त्या कुटुंबांचा वाटा राहिला. शहरवाढीची संधी ज्याच्या जमिनीवर वाढ होते त्यालाही मिळू शकते, याचा याहून चांगला दाखला माझ्या पाहण्यात नाही. पण तो सरसकट सगळ्या गावांना लागू करता येईल असे मला वाटत नाही. तेथे बहुतेक कुटुंबे एका भावकीतील होती, जमीन सलग होती आणि नेतृत्वावर सर्वांचा विश्वास होता. आमच्या वाडीत एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे आहेत, त्यांतील निम्मे वाद न्यायालयात आहेत आणि बहिणींच्या हिश्शाचा विषय काढला की बैठकच मोडते.

ओढा-नाला (प्रतिसाद)

पाणी येण्याची चर्चा झाली. पाणी जाण्याविषयी लिहितो. मी जलनिःसारणाच्या क्षेत्रात काम करतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरउतारावर मोठा पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला पूर आला. त्या पुरात आणि पावसाच्या इतर दुर्घटनांत पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. अरण्येश्वरजवळची टांगेवाले वसाहत, सहकारनगरच्या सखल भागातील सोसायट्या, दांडेकर पुलाजवळची वस्ती येथे पाणी शिरले. पाऊस मोठा होता हे खरे, परंतु ओढ्याचा वरचा सगळा प्रवास पाहिला तर केवळ पावसाला दोष देता येत नाही. उगमाकडच्या टेकड्या फोडून सपाटीकरण झाले, त्याची माती ओढ्यात आली, मोऱ्या अरुंद राहिल्या आणि ठिकठिकाणी सीमाभिंती थेट पात्रात उतरल्या. पावसाचे जे पाणी पूर्वी शेतात मुरत मुरत दोन-तीन तासांनी खाली पोचत असे, ते काँक्रीटवरून थोड्या वेळात एकदम पोचले.

समाविष्ट गावांत हीच गोष्ट आता नव्याने घडते आहे. गावनकाशावर ओढा निळ्या रेषेने दाखवलेला असतो, पण तो महसुली नोंदीत अनेकदा खासगी गटांमधून जातो. विकसक त्याला ‘नाला वळवणे’ या नावाखाली भूखंडाच्या कडेला नेतो आणि पुढच्या गटाचा विकसक तो आणखी पुढे ढकलतो. दोन वर्षांनी त्या ओढ्याचे मोरीच्या रुंदीचे गटार झालेले असते. मैलावाहिनी नसल्यामुळे संकुलांच्या सांडपाण्याचा शेवटही त्यातच होतो. संकुलात स्वतंत्र मैलाशुद्धीकरण यंत्रणा असते, परंतु ती चालवण्याचा वीजखर्च टाळण्यासाठी बंद ठेवलेली यंत्रणा मी जितक्या ठिकाणी पाहिली, तितक्या ठिकाणी चालू पाहिलेली नाही.

आणि या ओढ्यांच्या काठीच गावाच्या जुन्या सार्वजनिक विहिरी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, पुण्याजवळचे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट गेले. या गावांना विहिरीचे पाणी जलशुद्धीकरण केंद्राविना, केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते, हे त्या वेळी सर्वांसमोर आले. हे सर्व खडकवासला धरणापासून हाकेच्या अंतरावर घडले. ज्या धरणसाखळीत सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते, तिच्या भिंतीला लागून असलेल्या गावांना शुद्ध केलेले पाणी पोचत नव्हते, कारण मुख्य जलवाहिनी त्यांना वगळून जुन्या शहराकडे गेली होती. मूळ लेखकांनी वहीतल्या ज्या न छापलेल्या रकान्याचा उल्लेख केला आहे, तो रकाना प्रत्येक संस्थेने आजच सुरू करावा आणि टँकरच्या पाण्याची जिवाणू-तपासणी स्वतः करून घ्यावी. नुसता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजून जिवाणू कळत नाहीत.

बालाघाट (प्रतिसाद)

या चर्चेत वाढ म्हणजे केवळ संकट असा सूर लागत चालला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मी मराठवाड्यातून चाकणच्या एका कारखान्यात कामाला आलो. आमच्या तालुक्यात दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलापुढे दोनच वाटा होत्या : उसाच्या फडावर जाणे किंवा पुण्याची गाडी पकडणे. ज्या भाड्याच्या खोलीत मी पहिली काही वर्षे काढली, ती इमारत तुमच्या भाषेत अनधिकृत होती. तिला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते, जिना अरुंद होता आणि पाणी दिवसाआड येत असे. पण अधिकृत सदनिकेचे भाडे माझ्या पगाराच्या निम्म्याहून अधिक होते. नियमांत बसणारे स्वस्त घर शहराने बांधलेच नाही, तेव्हा नियमाबाहेर बांधणाऱ्या गुंठेवारीवाल्यानेच आमच्यासारख्यांना आसरा दिला. माझ्या पत्नीने येथे येऊन परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. गावी राहिली असती तर तो झाला नसता. आमच्या गावातील बऱ्याच घरांच्या छपरावर आज पत्रा जाऊन स्लॅब आला आहे, तो येथून गेलेल्या पैशांतून.

म्हणून ‘आता पुणे पुरे झाले, वाढ थांबवा’ असे कोणी म्हटले की मला विचारावेसे वाटते, नेमके कोणापासून थांबवायचे? जे आधी आले त्यांनी दार लावून घ्यायचे का? नगररचना योजनांत अंतिम भूखंड मालकांना मिळतील, रस्ते शहराला मिळतील, परंतु भाडेकरूला काय मिळेल, याचे उत्तर वरच्या प्रदीर्घ प्रतिसादात मला सापडले नाही.

निवृत्त नगररचनाकार (प्रतिसाद)

‘बालाघाट’ यांचा आक्षेप रास्त आहे. नगररचना योजनेत दुर्बल घटकांच्या घरांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. पण जागा राखणे आणि तेथे भाड्याची घरे उभी राहणे यांत फार अंतर आहे. आपल्याकडील बहुतेक गृहयोजना मालकीच्या घराभोवती फिरतात. ज्या कामगाराला तीन वर्षांनी रांजणगावला किंवा तळेगावला जावे लागणार आहे, त्याला वीस वर्षांच्या कर्जाचे घर नको असते. भाड्याच्या घरांचा विचार आपल्या नियोजनात जवळजवळ नाहीच, हे मी मान्य करतो.

मुठाकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न राहतो. आमच्या भागात काही जण म्हणतात की, इतक्या मोठ्या महापालिकेकडून आपल्याकडे लक्ष जाणार नाही, तेव्हा पूर्वेकडील गावांची वेगळी महापालिका करावी. फुरसुंगी-उरुळीचे उदाहरण आणि पिंपरी-चिंचवडचे यश असे दोन्ही दाखले दिले जातात. यात तथ्य आहे का?

निवृत्त नगररचनाकार (प्रतिसाद)

पिंपरी-चिंचवडचा दाखला देताना एक गोष्ट नेहमी सुटते. तेथे १९८२ मध्ये महापालिका झाली, तेव्हा भोसरी-पिंपरीची औद्योगिक वसाहत आधीच उभी होती आणि कारखान्यांच्या कच्च्या मालावरील जकात थेट त्या संस्थेच्या तिजोरीत येत होती. तेथील रुंद रस्ते त्या जकातीने बांधले. जकात पुढे गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला आणि २०१७ नंतर वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर महापालिका अवलंबून राहू लागल्या. आज नवी महापालिका काढली तर तिचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. गंमत अशी की, ज्या संस्थेचे पोट बांधकाम शुल्कावर भरते, तिला ‘येथे पाणी नाही, परवानगी देऊ नका’ असे म्हणणे सर्वांत अवघड जाते.

खराडी-हडपसर पट्ट्यात कार्यालये आणि माहिती तंत्रज्ञान उद्याने असल्यामुळे पूर्वेचा मिळकतकर कदाचित पुरेल. दक्षिणेकडील निव्वळ निवासी गावांना तो पुरणार नाही. शिवाय पाणी दोन्हीकडे त्याच धरणांतून यायचे आहे, आणि त्याच धरणांच्या कालव्यावर दौंड-इंदापूरचे शेतकरी अवलंबून आहेत. महापालिका दोन केल्या तरी खोरे एकच राहते. जनगणना २०११ नंतर झालेली नसल्याने पुण्याला किती पाणी मंजूर करायचे, यावर जलसंपदा विभाग आणि महापालिका यांच्यात लोकसंख्येच्या आकड्यावरूनच वाद चालतो. वेगळ्या महापालिकेने या वादात आणखी एक पक्षकार वाढेल, इतकेच.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर दीर्घ काळ प्रशासकीय राजवट राहिली, हे मात्र मोठे नुकसान आहे. २०२१ मध्ये आलेल्या गावांनी ग्रामपंचायत गमावली आणि नगरसेवक मिळण्याआधीच सभागृहाची मुदत संपली. कर भरायचा आणि प्रश्न मांडायला कोणी नाही, अशी ती अवस्था होती. वेगळ्या महापालिकेच्या मागणीमागे हा राग मोठ्या प्रमाणात आहे, असे माझे मत आहे.

आपल्या संस्थेला प्रत्यक्ष करता येण्याजोगे एक काम सुचवतो. गावाचा प्रारूप आराखडा किंवा नगररचना योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. तीत ‘आमच्या भागात सुविधा द्याव्यात’ असे मोघम निवेदन देऊ नका; अशी निवेदने गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच निकाली निघतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या, आपल्या परिसरातील ओढा कोणकोणत्या गटांतून जातो ते त्यावर दाखवा, जलकुंभासाठी उंचावरची कोणती जागा अजून मोकळी आहे तिचा गट क्रमांक लिहा, आणि प्रस्तावित रस्ता जेथे उभ्या इमारतीतून जातो ते ठिकाण छायाचित्रासह जोडा. नियोजन समितीसमोर सुनावणीला स्वतः हजर राहा आणि शक्य असेल तर शेजारच्या दोन-चार संस्था व जमीनमालक यांना एकत्र घेऊन जा. रहिवासी आणि जमीनमालक एकाच बाजूला बसलेले दिसणे इतके दुर्मीळ आहे की, समितीतले सदस्य त्या दिवशी कागद उलटून पाहतात.

पूर्वेचा शेतकरी (प्रतिसाद)

शेवटच्या सूचनेत एक भर घालतो. जमीनमालकाकडे जाल तेव्हा आराखड्याची प्रत बरोबर न्या. आमच्याकडील बहुतेकांनी तो नकाशा कधी पाहिलेलाच नसतो. आपल्या गटावर काय पडले आहे, हे त्यांना दलालाच्या तोंडूनच कळते.